पुढच्या बहाराला

२०१५ च्या फेब्रुवारीत मी काटोलच्या काकांना, म्हणजे ज्यांच्या बागेतली संत्री मी स्क्वॅशसाठी घ्यायचे त्या शेतकऱ्याला, तीन दिवसांत अकरा फोन केले. एकही उचलला गेला नाही. मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्यात फुलून फेब्रुवारी-मार्चात तयार होणारं, फळ तोडणीला आलं होतं. पातेली घासून पालथी घातली होती, दोघी बायांना सोमवारपासून यायला सांगून ठेवलं होतं, बाटल्या धुऊन जाळीवर उपड्या होत्या. फक्त संत्री नव्हती. चौथ्या दिवशी पहाटे गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी धरली आणि मी काटोलला गेले.

काका बागेतच होते. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. "या ताई, चहा घ्या," म्हणाले. चहा झाला, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचं बोलणं झालं, विहिरीच्या पाण्याचं झालं. फळाचा विषय शेवटी मलाच काढावा लागला.

"बगीचा उक्ता देऊन टाकला," ते म्हणाले. "बयाणाबी घेतला." म्हणजे झाडावरचं सगळं फळ व्यापाऱ्याला एकरकमी विकून इसारही घेतला होता.

"पण काका, मला एक फोन तरी करायचा."

"मागच्या आंबियाले तुमी केलता का फोन?"

नव्हता केला. आंबिया म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरात निघणारा बहार. आधीच्या सप्टेंबरात, फळ अजून हिरवं असताना, आमचं बोलणं झालं होतं: चाळीस कॅरेट, म्हणजे फळांचे चाळीस क्रेट, बावीस रुपये किलो. नोव्हेंबरात कळमन्याच्या बाजारात आवक फुटली आणि भाव तेरावर आला. मी दोन रात्री हिशेब मांडला. किलोमागे नऊ रुपये. माझ्यासारख्या घरातल्या स्वयंपाकघरात सुरू झालेल्या धंद्याला ते थोडके नव्हते. मी कळमन्यातून माल उचलला आणि काकांना काहीच कळवलं नाही. न कळवणं हे फसवणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली होती. मागणी नोंदवली नव्हती, कागद नव्हता, नुसतं बोलणं होतं.

"मी रागावलो नाई ताई," काका म्हणाले. खरंच रागावलेले दिसत नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. "तुमाले सस्त भेटलं, तुमी घेतलं. धंदा हाये. मग मीनंबी धंदा केला. पन आपल्याले पुढच्या बहारालेबी भेटाचं हाये असं ज्याले वाटते, तो असं करत नाई."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. कळमेश्वर आलं कधी आणि गेलं कधी, कळलं नाही. त्या एका वाक्याशी मी गेली दहा वर्षं बोलते आहे. धंद्यात मी जे काही शिकले ते बहुतेक त्यातूनच निघालं, म्हणून आज ते सविस्तर लिहावंसं वाटतं.

*

सुरुवात २०११ ची. त्रिमूर्तीनगरातलं भाड्याचं घर, दोन शेगड्या, आणि मनात एकच कल्पना: नागपूरला येणारा माणूस संत्रा बर्फी घेऊन जातो, तर संत्र्याचा चांगला स्क्वॅश का नेणार नाही? आई करायची तसा केला. रस काढला, गोड होता. साखरेचा पाक करून मिसळला, बाटल्या भरल्या, शेजारी वाटल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी बाटली परत घेऊन आल्या. "रागावू नकोस, पण कडू लागतोय." मी चाखला. कडूच होता. साठ बाटल्या मोरीत ओतल्या. पुढचा घाणाही तसाच निघाला.

तेव्हा माहीत नव्हतं की हा नागपुरी संत्र्याचा जुनाच स्वभाव आहे. फळ खाताना त्यात कडवटपणाचा मागमूस नसतो. पण रस काढला की बियांमधला आणि पाकळ्यांच्या पडद्यांमधला एक घटक आंबट रसात हळूहळू बदलतो आणि लिमोनिन तयार होतं. ते कडू. म्हणून रस आज गोड आणि उद्या कडू. खायला देखणं आणि सोलायला सोपं असलेलं हे फळ कारखान्याला मात्र अवघड जातं ते यामुळे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. महालात एक काकू होत्या, वीसेक वर्षं सरबतं आणि लोणची करून विकणाऱ्या. सीताबर्डीच्या एका दुकानात त्यांचा स्क्वॅश असायचा. मी त्याच दुकानात माझ्या बाटल्या ठेवायला गेले होते, आणि दुकानदारानं चव घेऊन तोंड वाकडं केलं तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला हाक मारली. "बिया फोडतेस का गं रस काढताना?" मी मिक्सरमधून काढत होते. "तिथंच घात आहे," त्या म्हणाल्या. फळ हातानं अर्धं करून हलकेच पिळायचं, शेवटच्या थेंबाचा लोभ धरायचा नाही, रस लगेच गाळायचा आणि लगेच तापवायचा. फळ पुरतं पिकलेलं घ्यायचं, कारण पिकत जाईल तसा कडवटपणा कमी होतो. जमलं तर मृगाचं घ्यायचं.

मी उभ्या उभ्या ऐकत होते आणि मनात एकच प्रश्न: ही बाई मला हे का सांगते आहे? मी त्याच दुकानात, त्याच फळीवर, तिच्या बाटलीशेजारी माझी बाटली ठेवायला आले आहे. शेवटी विचारलंच. त्या म्हणाल्या, "तुझा कडू निघाला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? तुझं नाव कुठं त्याच्या लक्षात राहणार? म्हणेल, संत्र्याचा स्क्वॅश कडूच असतो. मग माझा कोण घेईल?"

मी कॉमर्स शिकलेली. स्पर्धा या विषयावर मला मार्क चांगले होते. हे उत्तर त्या पुस्तकात नव्हतं.

*

२०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघी एकत्र आलो. महालच्या काकू, सक्करदऱ्याला लोणची करणारी एक मैत्रीण आणि मी. एकत्र यायचं कारण अगदी साधं होतं, काचेच्या बाटल्या. कारखाना ट्रकभर माल असल्याशिवाय चांगल्या दरानं देत नाही आणि इतवारीत किरकोळ घ्याव्यात तर बाटली रसापेक्षा महाग पडते. तिघींनी मिळून दहा हजार बाटल्या मागवल्या. त्या ठेवल्या काकूंच्या वाड्यातल्या पडवीत, कारण जागा फक्त त्यांच्याकडे होती.

लोक सहकार्याबद्दल बोलतात तेव्हा मन जुळण्याबद्दल बोलतात. आमची मनं फार काही जुळलेली नव्हती. पहिलं भांडण फुटक्या बाटल्यांवरून झालं. तीनशे चौदा फुटल्या होत्या, बहुतेक ट्रकमधून उतरवतानाच. त्या कोणाच्या? मैत्रीण म्हणाली, तिघींत सारख्या वाटा. मी म्हणाले, ज्याच्या जितक्या बाटल्या त्याचं तितकं नुकसान. काकू काहीच बोलल्या नाहीत आणि मग संध्याकाळी म्हणाल्या की पडवीचं भाडं मी अजून मागितलेलं नाही. दोघी गप्प झालो. दुसरं भांडण झाकणं बसवायच्या यंत्राचं. ते तिघींचं होतं आणि आंबियाच्या हंगामात तिघींनाही एकाच आठवड्यात हवं असायचं.

त्यातून एक वही निघाली. दोनशे पानी, लाल कापडी बांधणीची, दिवाळीत व्यापारी पूजतात तसली. बाटल्या किती आल्या, कोणी किती उचलल्या, यंत्र कोणाकडे कोणत्या तारखेला, फुटलं काय, कोणी कोणाची साखर उसनी घेतली, सगळं त्यात. वही पडवीत खिळ्याला टांगलेली, कोणीही कधीही उघडावी. मला सुरुवातीला ते अपमानाचं वाटायचं. विश्वास आहे तर लिहायचं कशाला? आता वाटतं की ती वही होती म्हणूनच विश्वास टिकला. मनात साठलेला हिशेब वाढत जातो, कागदावर आलेला तेवढाच राहतो. आमच्या तिघींत ज्या गोष्टी लिहिल्या गेल्या त्यांवरून पुन्हा भांडण झालं नाही. ज्या लिहायच्या राहिल्या त्यांवरून आजही होतं.

तरी मी काकांशी तसं वागले. वही सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. माझ्या डोक्यात वही आम्हा तिघींची होती. शेतकरी हा माल देणारा, त्याचा आणि माझा संबंध वजनकाट्यापुरता. तो आमच्या वहीत नव्हता.

*

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये सूतखात्यात होते. त्यांच्याकडून लहानपणी ऐकलेली एक गोष्ट मला काटोलहून परतल्यावर पुन्हा आठवली. नागपुरात ती बऱ्याच घरांत सांगतात. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली तेव्हा मुंबईच्या लोकांना नागपूर म्हणजे आडरान वाटत होतं. पण कापूस इथं पिकत होता, कोळसा फार लांब नव्हता आणि रेल्वे आलेली होती. स्टेशनाजवळ, जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या बाजूला, दलदलीची जागा त्यांनी घेतली आणि माती टाकून भरायला सुरुवात केली. गावातल्या एका सावकारानं पैसा द्यायला नकार दिला. सोनं मातीत घालणाऱ्याला कोण पैसे देणार, असं त्याचं म्हणणं. पुढे म्हणे त्यानंच कबूल केलं की टाटांनी मातीत सोनं घातलं नाही, माती घालून सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. शाळेत इतकंच शिकवतात. आजोबा पुढचं सांगायचे. मिलची व्यवस्था ज्यांच्या हाती दिली ते बेझनजी मेहता रेल्वेच्या नोकरीतले, कापडाच्या धंद्याची त्यांना काही माहिती नव्हती. सुरुवातीची यंत्रं काटकसर करून घेतलेली, हलक्या प्रतीची होती आणि माल चांगला निघेना. तेव्हा ती बदलून चांगली यंत्रं आणली. नव्यानं धंदा घातलेल्या माणसाला 'मी चुकीची यंत्रं घेतली' हे म्हणायला काय लागतं, ते मला साठ बाटल्या ओतताना कळलं होतं.

आजोबांना सर्वांत अभिमान होता तो फंडाचा. कामगार वरचेवर गैरहजर राहत, हंगामात गावी जात. दंड लावणं हा सोपा उपाय होता. मिलनं १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. देशात भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला १९५२ मध्ये. म्हणजे पन्नास वर्षं आधी नागपुरातल्या एका मिलनं कामगाराला सांगितलं की तू म्हातारा होशील तेव्हाही आपला संबंध असणार आहे. आजोबा हे वाक्य असं बोलत नसत. ते फक्त "फंड होता आमच्याकडे" एवढंच म्हणत, पण मान ताठ करून.

मिल २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे आणि त्याच्या नावातलं एम्प्रेस तेवढं शिल्लक आहे. दीर्घकाळाचा विचार करणारी गोष्ट कायमची टिकते असं नाही, हे त्या रस्त्यानं जाताना दर वेळी जाणवतं. पण सव्वाशे वर्षं म्हणजे चार पिढ्यांची चूल. त्याच चुलीवर आमचं घर शिकलं.

काटोलहून आल्यावर मी माझ्याकडच्या दोघी बायांच्या नावानं पोस्टात पाच वर्षांची आरडी उघडली. अर्धे पैसे त्यांचे, अर्धे माझे. रक्कम सांगण्यासारखी नव्हती. पण पहिली आरडी पूर्ण झाली तेव्हा दोघीही कामावर होत्या, आणि मुरलेल्या हाताचा स्क्वॅश कसा होतो ते मला तोवर कळलं होतं. पिळताना बोटाला बी कुठं लागते ते त्यांच्या हातालाच समजतं.

*

काकांकडे मी पुन्हा गेले ती फळ मागायला नव्हे. त्या उन्हाळ्यात नुसतीच गेले. मला बाग समजून घ्यायची होती, आणि खरं सांगायचं तर माफी मागायची होती, जी मागता आली नाही. ते मला झाडं दाखवत फिरले.

संत्र्याचं झाड बीपासून करत नाहीत. आधी जंबेरीचं बी रुजवायचं. जंबेरी म्हणजे जाड सालीचं, आंबटढाण लिंबू, बाजारात ज्याला कोणी विचारत नाही. त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला चीर द्यायची आणि त्यात चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा बसवायचा. याला डोळा भरणं म्हणतात. पट्टीनं बांधायचं, डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. यात दीड-दोन वर्षं जातात, मग कुठं कलम शेतात जातं. शेतात लावल्यावर धड फळ यायला पाचवं-सहावं वर्ष उजाडतं. खोडातून डिंक गाळणारा डिंक्या रोग लागू नये म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. डोळा भरलेली जागा मातीखाली जाऊ द्यायची नाही. बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. आणि इतकं करून ऐन वेळी फळगळ.

"पानसोट पाहा," काका एका खोडापाशी वाकून म्हणाले. बुंध्यातून सरळसोट, हिरवीगार फूट आली होती. "हे जंबेरीचं हाय. दर सालले येते. काढलं नाई त संत्रं मागं पडते अन जंबेरीच झाड होते." मला आमची पडवी आठवली. दोन वेगळ्या जिवांना एका बुंध्यावर बांधलं की खालून आपापली फूट येतच राहणार. ती आली म्हणून कलम फसलं असं कोणी समजत नाही. वाकून काढतात.

पण मला त्या दिवशी सर्वांत जास्त उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. मी विचारलं, पाच वर्षं उत्पन्न नाही, मग खाता काय? काका हसले. नव्या बागेत दोन ओळींमध्ये वीस फुटांची जागा असते. त्यात सोयाबीन, हरभरा, भाजीपाला घेतात. बाग मोठी होऊन सावली पडेपर्यंत घर त्या आंतरपिकावर चालतं.

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. धीर धरा, लांबचं पाहा, असा उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. दर महिन्याचं भाडं भरायचं असलेल्या माणसाला तो उपदेश टोचतो. काकांनी धीर कशावर धरायचा ते दाखवलं. त्या वर्षीपासून मी संत्र्याच्या दोन बहारांमधली रिकामी जागा भरायला लागले. उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, मग लिंबाचं सरबत, थंडीत आवळा. त्यात नफा बेताचा, पण घरभाडं त्यातून सुटायला लागलं. मग संत्र्याच्या सौद्यात घाई करायची गरज उरली नाही. २०१४ मध्ये मी नऊ रुपयांसाठी शब्द मोडला, त्याच्या मुळाशी लबाडीपेक्षा रिकामा गल्ला जास्त होता, हे मला इतक्या उशिरा उमगलं. त्यानं माझी चूक लहान होत नाही. पण पुन्हा ती होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं ते कळतं.

*

त्या पावसाळ्यात मी काकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. बाजार कितीही पडला तरी मी अठराच्या खाली देणार नाही. बाजार कितीही चढला तरी तुम्ही माझ्या चाळीस कॅरेटला तीसच्या वर मागायचं नाही. मधे असेल तर कळमन्याचा त्या दिवसाचा भाव. काकांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "लिवून द्या." मी नवी वही घेऊन गेले होते. दोघांच्या सह्या झाल्या, त्यांच्या मुलाची साक्षीदार म्हणून झाली.

पहिल्याच वर्षी भाव चौदावर गेला. मी अठरानं पैसे मोजले. घरी नवऱ्यानं विचारलं, कायद्यानं बांधलेली आहेस का? नव्हते. रक्कम तीन हजारांच्या घरातली, पण आमच्या त्या वेळच्या महिन्याच्या हिशेबात ती दिसायची. काकांनी पैसे घेतले, मोजले, आभार वगैरे काही मानले नाहीत. निघताना गाडीत एक पोतं जंबेरीची लिंबं टाकली. "लोनच्याले व्हतीन," म्हणाले. सक्करदऱ्याच्या मैत्रिणीनं त्याचं लोणचं घातलं आणि ते आजही तिच्याकडे वर्षभर विकलं जातं. फुकटात पडून राहणारं फळ होतं ते.

पुढे एका वर्षी फळगळीनं बागा झाडल्या गेल्या आणि भाव पंचेचाळीसवर गेला. व्यापारी बांधावर गाड्या लावून उभे होते. काकांचा मुलगा नाराज होता, त्याचं मला नवल वाटलं नाही. चाळीस कॅरेट म्हणजे आठशे किलो, प्रत्येक किलोला पंधरा रुपये सोडायचे. ते फळ माझ्याकडे तीसच्याच भावानं आलं. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "गाडी पाठवा."

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मृगाचं उरलेलं फळ झाडावरच होतं आणि बाजार विस्कटला होता. व्यापारी बयाणा सोडून निघून गेले. त्या वेळी आमच्या दोन्ही वह्या एक झाल्या. महालच्या काकूंनी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीतून फोन लावले, मैत्रिणीच्या भावानं टेम्पोचा पास मिळवला, काकांच्या मुलानं पाच-पाच किलोच्या पेट्या भरल्या. प्रतापनगर, खामला, मनीषनगर, एकेका इमारतीच्या फाटकाशी पेट्या उतरवल्या. लोक गच्चीवरून हात करायचे. मी तोवर काकांच्या मुलाशी फारसं बोलले नव्हते. त्या तीन आठवड्यांत आम्ही दिवसातून दहा वेळा बोललो. त्याला पहिल्यांदा कळलं की त्याचं संत्रं खाणारा माणूस दिसतो कसा.

असं सगळंच जमलं नाही. मधे एका मोठ्या विक्रेत्यानं आमच्याकडून माल करून घेऊन स्वतःच्या नावानं विकायची तयारी दाखवली. आकडा मोठा होता. पैसे नव्वद दिवसांनी. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, हे मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मग दुसरे पुष्कळ आहेत. काकूंचा नकार होता. मी आणि मैत्रिणीनं हट्टानं एक हंगाम केला. पैसे सात महिन्यांनी आले, तेही कापून, आणि कशाबद्दल कापले ते दाखवायला कोणाकडे कागद नव्हता. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुढच्या आंबियाला त्यांनी स्वतःच्या वाट्याच्या बाटल्या आम्हाला उधार दिल्या, वहीत लिहून.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा वाटलं होतं, आता काय, जग दारात येईल. मग बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं आणि इथलं जे फळ तिकडे जायचं ते इथल्याच बाजारात साचायला लागलं. मानांकनाचा मला अभिमान आहे. पण साचलेल्या बारीक फळाचं काय करायचं, हा प्रश्न एकेका बांधावर, एकेका स्वयंपाकघरातच सोडवावा लागतो. किलोभर फळातून चारशे ग्रॅमच्या आसपास रस निघतो, लिटरभर स्क्वॅशमध्ये तो निदान चौथा हिस्सा तरी लागतो. आज आम्ही तिघी मिळून हंगामात जेवढं बारीक फळ घेतो ते जिल्ह्याच्या मानानं काहीच नाही. पण काटोलच्या त्या एका शिवारातले सात शेतकरी ते आता उक्त्यात धरून देत नाहीत, वेगळं काढून ठेवतात. सातही जण वहीत आहेत. शेतकरी उत्पादक कंपनीला निदान दहा जण लागतात, आणखी तिघांशी बोलणं चालू आहे. मला त्याची घाई नाही आणि काकांना तर मुळीच नाही.

*

या जुलैत काकांनी जुन्या बागेचा एक तुकडा काढला. झाडं पंचविशीची झाली होती, डिंक्यानं पोखरली होती. त्या जागी नवी कलमं लावायची होती म्हणून मी मुद्दाम गेले. पाऊस नुकताच थांबला होता. काकांचे गुडघे आता बोलतात, त्यामुळे खड्ड्यात उतरून कलम धरायचं काम मुलगा करत होता आणि काका बांधावर खुर्ची टाकून लक्ष ठेवत होते. डोळा भरलेली जागा मातीच्या वर राहते की नाही, एवढंच ते प्रत्येक वेळी ओरडून विचारत.

दुपारी झाडाखाली भाकरी आणि झुणका खाताना मुलानं माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, ह्या बागेचा पहिला आंबिया २०३१ ले. तवा किती कॅरेट लागतीन तुमाले?"

काका खाता खाता थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी हात पुसले आणि पिशवीतून वही काढली.